धुऱ्यावर दिलेलं उत्तर

बीटी कपाशीच्या पाकिटात एक लहानशी पुडी यायची. साध्या सरकीची. ती शेताच्या चारी कडांनी टोबायची, म्हणजे बोंडअळीला खायला वेगळं काहीतरी राहतं आणि ती बीटीच्या झाडाला लवकर सरावत नाही, असं पाकिटावर चित्रासकट छापलेलं असे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळं ते चित्र न बघताही मला हे सगळं माहीत होतं. आणि तरी त्या वर्षी ती पुडी मी नांगे भरायला वापरली.

नांगे म्हणजे ओळीत जिथं बी उगवलं नाही त्या रिकाम्या जागा. तिथं पुन्हा बी टोबावं लागतं. हाताशी तीच पुडी होती, बी बीच असतं असा विचार मी केला, आणि माझ्या चार एकरांत जिथं जिथं खड्डा दिसला तिथं एकेक साधं झाड लावून मोकळा झालो. दसऱ्यापर्यंत निकाल लागला. चांगल्या भरल्या ओळीत मधूनच एक झाड चाळणी झालेलं, पुन्हा दहा पावलांवर दुसरं. अळ्यांसाठी मी शेतभर खानावळी काढून दिल्या होत्या.

हे पहिल्यांदा पाहिलं ते धुऱ्यापलीकडच्या चाचानं. आमच्याकडं दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. त्याचं शेत आणि माझं शेत यांच्यात एकच धुरा, धुऱ्यावर एक कडुनिंब, आणि तो कडुनिंब कुणाचा हे त्याच्या वडलांनी आणि माझ्या वडलांनी मुद्दाम कधी ठरवलं नव्हतं.

चाचा माझ्या ओळीतून सावकाश फिरला, दोन बोंडं फोडून पाहिली आणि म्हणाला, "सर, शाळेत हेच शिकवता काय पोराईले?"

"चुकलं चाचा."

"चुकलं कायचं. अळ्या दुवा देऊन राह्यल्या तुमाले."

त्याच्या शेताला मात्र चारी बाजूंनी त्या साध्या कपाशीची नीट रांग होती. मी विचारलं, तुमाले हे कोणी सांगतलं? तो म्हणाला, "पाकिटावर चित्र हाये ना. आन् चित्र नसतं तरी लावली असती. अळीले बी वरच्यानंच पैदा केलं. तिचा वाटा नको का?"

विज्ञानात मी एका नमाजी माणसाकडून नापास झालो ती गोष्ट ही. आमच्या घरी सुट्टीत भाऊ-बहिणी, भाचे जमले की गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं असतं, आणि ही माझ्या हुकमी गोष्टींपैकी एक आहे. चाचाचा आवाज मी चांगला काढतो. 'अळ्या दुवा देऊन राह्यल्या' इथं सगळे हसतात, आणि मी गोष्ट तिथंच संपवतो. पुढची गोष्ट मी कुणाला सांगत नाही. आज लिहायला बसलो आहे ती पुढची.

मी देव मानत नाही. मेहकरहून बीबी गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात हे वाक्य 'मी कांदा खात नाही' या चालीवर घेतलं जातं. बरं बाप्पा, मग तुमच्यासाठी वेगळं काय करू? सासुरवाडीला पूजा असली की चपलांवर लक्ष ठेवायचं काम आपोआप माझ्याकडं येतं, आणि मी ते चोख करतो. वडील गेले तेव्हा मी डोकं भादरलं नाही. भाऊबंद महिनाभर बोलले नाहीत. मग बोलायला लागले, पण फक्त पावसाबद्दल. नास्तिक माणसाचा छळ होतो असं पुस्तकांत वाचून मी जरा तयारीत राहिलो होतो. तसं काही झालं नाही. मला कुणी विचारेनासंच झालं. मोठ्या प्रश्नांच्या वेळी, मरणाच्या वेळी, लेकराच्या आजारपणात, लोक माझ्याकडं बघून हलकेच दुसरीकडं वळायचे, जसं बंद दुकानापुढून माणूस चाल न मोडता पुढं जातो तसं.

चाचा वळायचा नाही. तो थांबायचा आणि भांडायचा.

रविवारी आणि सुट्टीत मी शेतात असायचो. दुपारी कडुनिंबाखाली आम्ही भाकरी सोडायचो. त्याआधी तो जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज पढायचा, धुऊन मऊ झालेल्या खताच्या पोत्यावर. तेवढा वेळ मी गप्प बसायचो आणि त्याच्या डब्यावर मुंगळे चढू द्यायचो नाही. नमाज झाली की तो पोत्याची घडी घालून विचारायचा, "हं. बोला आता. काय म्हनते तुमचं सायन्स?"

एकदा तो म्हणाला, "तुमच्या शाळेत घंटा होते. वर्गात बसल्या बसल्या शिपाई दिसते का तुमाले?"

"नाई दिसत."

"मंग घंटा आपोआप झाली म्हनता का?"

"पण शिपाई पगार घेते चाचा. मस्टरवर सही करते. त्याची सही दाखवता येते मले."

तो जेवता जेवता थांबला. हातानं आख्खं शिवार दाखवलं, माझं चाळणी झालेलं शेतसुद्धा, आणि म्हणाला, "मंग हे मस्टर वाचा ना. एवढी मोठी सही हाये. तुमाले चष्मा लागला, त्याले मी काय करू."

मीही सोडायचो नाही. पाऊस आला तर त्याची मेहेरबानी आणि नाही आला तर आपलं पाप, हा कुठला हिशेब, असं मी विचारायचो. वर बसणाऱ्याचा प्रत्येक वेळी फायदाच. चाचा हसायचा. "तुमच्या हेडमास्तरचं बी तसंच हाये ना? निकाल चांगला तं त्याहिचा, खराब तं तुमचा. तरी जाता ना रोज शाळेत?" आमच्या हेडमास्तरांचं खरोखरच तसं होतं.

एका वर्षी कापूस वेचायच्या दिवसांत त्यानं सरळ विचारलं. "सर, वर कोनी नाई, मंग पुढं काई नाई. मंग सकाळी उठता कायले?"

"सातला शाळा असते."

"मस्करी नका करू."

मग मी नीट सांगितलं. की आयुष्याला कुणी बाहेरून अर्थ देत नाही. आपण पोरांना शिकवतो, झाड लावतो, कुणाच्या उपयोगी पडतो, त्यातून तो होतो, आणि आपल्यामागं तेवढाच थोडा राहतो. बोलताना माझा मलाच बरा वाटला तो परिच्छेद. चाचानं सगळं ऐकून घेतलं.

"एवढ्यावर भागते तुमचं?"

"भागते."

"मले नाई भागत," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. एखाद्याला दोन भाकरी पुरतात आणि एखाद्याला तीन लागतात, तसं. मी त्याला सांगितलं नाही की माझंही दर वेळी भागत नाही. वादात असं काही कबूल करायचं नसतं अशी माझी तेव्हा समजूत होती.

या सगळ्या वादांना एक श्रोता होता. चाचाचा लहान भाऊ. चाचाहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, आई लवकर गेली म्हणून चाचानंच कडेवर घेऊन वाढवलेला. लग्न झालेलं, एक मुलगी. शेतातली निम्मी कामं त्याची, फवारणी तर सगळीच. तो वादात कधी पडायचा नाही. पाय लांब करून खोडाला टेकून बसायचा, कधी चाचाकडं बघून हसायचा, कधी माझ्याकडं. कुणाच्या बाजूचा आहे ते आम्हा दोघांनाही कळत नसे, आणि खरं सांगायचं तर आम्ही कधी विचारलंही नाही. आम्हाला ऐकणारा हवा होता, तो मिळालेला होता.

त्या खानावळींच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पोळा होऊन पंधरवडा झाला असेल. बीटीमुळं फवारे कमी होतील असं सुरुवातीला सगळे म्हणायचे. अळीपुरतं ते खरंही होतं, पण तुडतुडे आणि मावा या किडींना बीटीशी देणंघेणं नव्हतं. त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, खांद्याला लागत होतं. तेवढ्या उंच पिकात फवारायचं म्हणजे नळी वर धरावी लागते आणि निम्मी दवाई आपल्याच अंगावर येते.

रविवार होता. चाचा कुणाच्या लग्नाला मेहकरला गेला होता. भाऊ एकटाच फवारत होता. दुपारी तो पंप उतरवून कडुनिंबाखाली आला तेव्हा मी पाहिलं, त्याचा शर्ट पाठीवर पार भिजला होता. पंप गळत होता.

मी म्हटलं, "शर्ट बदल बे. पाठ पाहा कशी झाली."

"एवढी एक टाकी मारतो सर, मंग बदलतो."

मी डबा उघडला. त्याला भाकरी पुढं केली, त्यानं नको म्हटलं. पाणी मात्र पुष्कळ प्यायला. मग खोडाला टेकून नेहमीसारखा बसला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "सर, एक इचारू का?"

"इचार."

"खरंच काईच नसते का? मेल्यावर?"

इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. तोंडात घास होता, तो मी नीट गिळलासुद्धा नाही. चाचासाठी म्हणून एक वाक्य मी बरेच दिवस घासूनपुसून ठेवलं होतं, ते आयतं कामी आलं. मी म्हणालो, "काईच नसते. दिवा इझला का इझला. कुठी गेला म्हणून इचारतो का आपण?"

तो हसला. नेहमीसारखाच. "बरं हाये," म्हणाला. मग उठला, पंप भरला, पाठीवर घेतला आणि पराटीत शिरला. वरून फक्त नळीचं टोक दिसत होतं. मला पेपर तपासायचे होते, मी घरी निघून आलो.

चारच्या सुमाराला पलीकडच्या शेतात मूग तोडणाऱ्या बायकांना तो ओळीत पडलेला दिसला. जीपमध्ये घालून मेहकरला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

कागदावर विषबाधा एवढाच शब्द होता. अंगातून गेलेल्या दवाईला तोच शब्द आणि दुसऱ्या गोष्टीलाही तोच. त्या वर्षांत आमच्या सगळ्या भागात गावोगाव शेतकरी स्वतःहून जात होते. वर्तमानपत्रात रोजची चौकट असायची. त्यामुळं कुणी शेतात आडवा सापडला की गाव आधी एकच गोष्ट धरून चालायचं आणि मग हळू आवाजात तिच्यासाठी कारणं शोधायचं. याच्यासाठीही शोधली. बायकोशी पटत नव्हतं म्हणे. दोन वर्षांपासून गप्प गप्प होता म्हणे. तो जन्मापासून गप्प होता हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

मी कब्रस्तानात गेलो होतो. मागं उभा राहिलो. सगळ्यांबरोबर तीन मुठी माती दिली. स्वतःहून जाणं त्यांच्यात मोठं पाप, पण मौलवी भला माणूस, त्यानं नमाजही नीट पढवली, कुणाला वाकडा प्रश्न विचारला नाही. चाचाकडं मी बघू शकलो नाही. मला लोकांच्या कुजबुजीचं काही वाटत नव्हतं. मला एकच ऐकू येत होतं, माझाच आवाज, घास तोंडात असतानाचा.

त्यानंतर चाचा सात-आठ आठवडे शेतात आला नाही. त्याची पराटी मजुरांनी वेचली. मी रविवारी जायचो, कडुनिंबाखाली डबा उघडायचो आणि एकटाच जेवायचो. जोहरची वेळ झाली की हात आपोआप थांबायचा. कुणी नमाज पढत नसताना मी भाकरी हातात धरून गप्प बसून राहायचो, आणि वेळ झाली असं वाटलं की पुन्हा खायला लागायचो. कुणी पाहिलं असतं तर माझी नास्तिकता तिथंच जप्त झाली असती. घरी सांगावं असं फार वाटायचं. पण काय सांगणार होतो? की त्यानं विचारलं आणि मी असं म्हणालो. त्यापुढचं वाक्य मला एकट्यालाही पूर्ण करता येत नव्हतं. बायकोनं दोनदा विचारलं, जेवण का जात नाही. मी ॲसिडिटीवर ढकललं.

मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी चाचा आला. बारीक झाला होता. दाढी पांढरी होतीच, आता जास्त पांढरी वाटली. त्यानं पोतं अंथरलं, नमाज पढली. नेहमीपेक्षा जास्त वेळ सज्द्यात राहिला, कपाळ पोत्यावर टेकून. मग घडी घातली आणि माझ्यासमोर बसला. 'बोला आता' म्हणाला नाही.

मीच म्हटलं, "भाकर खाऊन घ्या चाचा."

"सर, इतके वर्सं झाले, मी तुमाले चूक म्हनलो."

"तं मग? आहोच आम्ही चूक."

"नाई. ऐका." तो मातीत काडीनं रेघा ओढत होता. "आज वाटते, तुमचंच खरं असलं तं बरं होईन. काईच नसंन वर, तं त्याले तिथं कोनी काई इचारनार नाई. काऊन आला रे बिनबोलावता, असं कोनी म्हननार नाई त्याले. झोपला, बस. सांगा ना सर. तुमाले पक्कं माहीत हाये ना, काई नसते म्हनून?"

दहा-बारा वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होतो. चाचानं एकदा तरी म्हणावं, सर, तुमचं खरं. म्हणजे मी काय काय बोलेन, कसा हसेन, घरी जाऊन कसं सांगेन, हे सगळं माझं ठरलेलं होतं. आणि आता तो धुरा ओलांडून माझ्या बाजूला येऊन बसला होता, एवढंसं तोंड करून, आणि मला भीती वाटली. इतकं एकटं मला वडलांच्या वेळीही वाटलं नव्हतं. माझ्या 'नाही'ला इतकी वर्षं टेकायला त्याचं 'आहे' होतं, हे मला तेव्हा कळलं. तोही इकडं आला तर तिकडं कोण राहणार?

मी म्हणालो, "मले नाई माहीत चाचा."

त्यानं वर पाहिलं.

"खरंच नाई माहीत. मी कुठी जाऊन आलो? आपलं बोलत होतो एवढी वर्सं. तुमच्याशी बोलायले बरं वाटते म्हणून."

"हे आधी तं कधी नाई बोलले तुमी."

"नाई बोललो."

समोर वेचून झालेल्या पराट्या काळ्या पडत चालल्या होत्या. मग तो म्हणाला, "मंग एक सांगा. त्या दिवशी तुमी होते इथी. शेवटचे तुमीच बोलले त्याच्यासंग. गावातले कायबी बोलतात, मी ऐकत नाई. तुमाले मी इचारतो, काऊन का तुमी मले बरं वाटावं म्हनून अल्लाची कसम खाणार नाई. पाह्यलं तेच सांगसान. कसा होता तो?"

खरं बोलण्याबद्दल माझी गावात ख्याती आहे. शाळेत मी पोरांना सांगतो, जे पाहिलं ते लिहा, जे वाटलं ते वेगळ्या रकान्यात लिहा. आता कुठलं कुठल्या रकान्यात जातं ते मला कळेना. त्याच्या भावानं विचारलेला प्रश्न मी ऐकला होता. त्याला मी उत्तर दिलं होतं. त्या प्रश्नाचा पुढच्या चार तासांशी काही संबंध होता की नव्हता हे मी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "पंप गळत होता चाचा. पाठ पूर्ण भिजली होती त्याची. शर्ट चिकटला होता अंगाले. मी म्हटलं बदल, तं म्हणे एवढी एक टाकी मारतो. जेवला नाई. पाणी लय पेला."

"पाणी लय पेला?"

"हाव. तांब्याच्या तांब्या."

"मंग तवाच चढली होती त्याले." चाचाच्या हातातली काडी थांबली. "पाठीतून गेली. पाठीतून जाते दवाई, सर?"

"जाते. अंगातून जाते. ओल्या कपड्यातून तं जास्तच." हे मी विज्ञान शिक्षक म्हणून सांगत होतो आणि यात काही खोटं नव्हतं.

चाचानं डोळे मिटले. मला वाटलं तो आता सुटला. मग तो म्हणाला, "पंपाचं वायसर गेलं होतं, म्हनून गळत होता. मले म्हनला होता, मेहकरले चालला तं घेऊन ये. त्याच्या आधीच्या बाजाराले बी म्हनला होता." थोडं थांबून, "मी इसरलो."

मी काही बोलायला तोंड उघडलं, पण त्यानं हात वर करून थांबवलं.

"नाई सर. हे मले चालते. वायसरचा जाब मी देईन. तिथी मले इचारतीन, तुह्या भावाचं वायसर कुठी हाये, तं मी म्हनन, इसरलो, द्या काय सजा द्यायची ते. त्याले कोनी काई इचारू नये, बस." आणि तो रडला. मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मी त्याच्या डब्यावर चढलेले मुंगळे एकेक करून झटकत राहिलो.

मग त्यानं तोंड धुतलं, अर्धी भाकरी खाल्ली. उठताना म्हणाला, "पुढच्या रविवारी या. लय दिवस झाले, भांडन नाई झालं." मी येतो म्हणालो. सायकल हातात धरून पायीच घरी आलो. चढून बसायची ताकद नव्हती असं नाही. घरी लवकर पोचायचं नव्हतं.

चाचाला मी जे सांगितलं ते सगळं खरं होतं, आणि माझ्या छातीवर होतं ते जसंच्या तसं होतं. शिवाय आता त्याच्या छातीवर एक वायसर मी ठेवून आलो होतो.

बायको ओसरीत सूप घेऊन मूग पाखडत होती. देवाचं सगळं ती करते, चतुर्थी, सोमवार, सगळं, आणि माझ्या मताबद्दल तिनं वीस वर्षांत एकदाही वाद घातलेला नाही. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं. त्याचा प्रश्न, माझा घास, दिव्याचं वाक्य, त्याचं 'बरं हाये', आणि आज चाचापासून काय लपवलं तेही. सांगताना मी गोष्ट सांगतो तसा आवाज काढायला लागलो होतो, ते माझ्या लक्षात आलं आणि मी साध्या आवाजात पुढचं बोललो. शेवटी म्हणालो, "मी 'नाही' म्हणालो त्याला. तो हसला आणि उठून गेला."

तिचं सूप थांबलं नाही. खडे एका बाजूला आले, ते तिनं बोटानं वेचले.

"मलेबी इचारलं होतं त्यानं," ती म्हणाली.

"काय?"

"हेच. पोळ्याच्या आधी ताक न्याले आला होता. भाभी, वर खरंच कोनी असते का म्हने. म्या म्हटलं, हाव, असते. देव म्हन, अल्ला म्हन, पन असते. तवाबी बरं हाये म्हनूनच गेला होता."

ती मूग पाखडत राहिली.

"माह्या 'हाव'नं थांबला का तो?" ती म्हणाली. "मंग तुमच्या 'नाही'नं कसा जाईन? या घरात तरी कोन ऐकते हो तुमचं. उठा, पाय धुवा, आन् चाचाले निरोप धाडा, रविवारी भाकर आपल्याकडून हाये म्हना."